विमान आधी की वैमानिक?

मित्रांनो, तुम्ही जळगावात किंवा धुळ्यात राहत असाल, तर डोक्यावरून घरघरत जाणारं एखादं छोटं विमान तुम्ही नक्कीच पाहिलं असेल. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे. ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात जे. आर. डी. टाटा विमान चालवायला शिकले, त्याच क्लबाने आपलं प्रशिक्षण धुळ्याला आणलं. शिरपूरलाही धावपट्टी आहे. आणि २०२१ साली देशातल्या ज्या पाच विमानतळांवर नव्या वैमानिक प्रशिक्षण संस्था काढायचं ठरलं, त्यांत आपलं जळगाव होतं.

ही विमानं नागरी वैमानिक घडवतात. पण ती बघून तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात वेगळाच विचार येतो. ‘आपण लढाऊ विमान चालवायचं!’ येतो ना? मग आज त्याचीच गोष्ट करू. लढाऊ विमान कोण निवडतं, कसं निवडतं आणि ते चालवायला माणूस कसा तयार होतो, हे प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत. एखादा निर्णय दहा-वीस वर्षं लांबला, तर त्याची किंमत कोण मोजतं, तेही आपल्याला पाहायचं आहे.

नाडगावची मुलगी सुखोईत

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावला जन्मलेल्या आणि जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील भारताच्या राष्ट्रपती झाल्या. राष्ट्रपती हा तिन्ही सेनादलांचा सर्वोच्च सेनापती असतो. २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावर त्यांनी साडीऐवजी वैमानिकाचा हिरवा पोशाख चढवला आणि सुखोई-३० एमकेआय या विमानातून भरारी घेतली. वय वर्षं ७४, बरं का!

तो पोशाख नुसता दिखाऊ नसतो. लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा शरीराचं वजन अनेक पटींनी वाढल्यासारखं होतं. नऊपट झालं, तर ५० किलोच्या मुलाला आपण ४५० किलोचे झालो असं वाटेल! नुसतं डोकं धरलं तरी मानेवर केळीचे दोन घड ठेवल्यासारखा भार येतो. रक्त पायांकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पाय आणि पोट आवळून धरणारा खास पोशाख लागतो. अशा अवस्थेत वैमानिकाला शत्रू शोधायचा असतो, यंत्रं बघायची असतात आणि विमानही सांभाळायचं असतं. हे सगळं अंगवळणी पडायला वर्षं लागतात.

महामार्गावरचा कारखाना

ही सुखोई विमानं मूळची रशियाची. पण त्यांतली दोनशेहून अधिक विमानं जोडली गेली ती आपल्या शेजारी. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे निघा. मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत मागे पडलं की ओझर येतं. तिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा, म्हणजे एचएएलचा कारखाना आहे. जुन्या लोकांना विचाराल तर ते अजून त्याला ‘मिगचा कारखाना’च म्हणतात.

का म्हणतात? १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास भारताने सोव्हिएत संघाकडून मिग-२१ विमानं घ्यायचं ठरवलं. ती नुसती विकत घ्यायची नव्हती, इथे बनवायचीही होती. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रं हैदराबादला, अशी वाटणी झाली. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. १९६३ मध्ये ते नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते. १९६४ साली ओझरचा कारखाना स्थापन झाला. पुढे तिथे मिग-२७ आणि मग सुखोई-३० एमकेआय ही विमानं बनली.

आता पहिला धडा लक्षात घ्या. विमान विकत घेणं म्हणजे दुकानातून सायकल आणणं नव्हे. ट्रॅक्टर घेताना तुमचे बाबा काय विचारतात? सुटे भाग इथे मिळतील का? डिझेल किती खाईल? दुरुस्ती कोण करेल? वीस वर्षं टिकेल का? विमानाचंही तसंच. ते तीस-चाळीस वर्षं वापरायचं असतं. तेवढा काळ सुटे भाग मिळाले पाहिजेत. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला, तेव्हा सुट्या भागांसाठी आपल्याला किती धावाधाव करावी लागली!

शूर, पण अवघड

मिग-२१ हे वाईट विमान होतं का? अजिबात नाही. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं हे विमान १९६३ साली आपल्या हवाई दलात आलं. १९७१ च्या युद्धात १४ डिसेंबरला ढाक्यातल्या गव्हर्नरच्या निवासस्थानावर मिग-२१ विमानांनी अचूक हल्ला केला. दोन दिवसांत पाकिस्तानी फौज शरण आली.

पण ते अवघड होतं. पंख छोटे, त्रिकोणी. इंजिन एकच. धावपट्टीला टेकतानाही वेग ताशी ३०० किलोमीटरहून जास्त. इंजिन बंद पडलं किंवा पक्षी धडकला, तर विचार करायला मोजके क्षण हातात. मुरलेल्या वैमानिकाच्या हाती ते वाघ होतं. नवशिक्याला मात्र ते चूक माफ करत नसे.

२०१२ साली संसदेत जे आकडे दिले गेले, ते ऐका. आपण घेतलेल्या मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली होती. १७१ वैमानिकांचे प्राण गेले होते. जमिनीवरचे ३९ नागरिकही मृत्युमुखी पडले होते.

विहिरीतून थेट पुरात

हे असं का झालं? कारणं अनेक आहेत. त्यांतलं एक तुम्हाला पटकन कळेल.

तुमच्यापैकी बरेच जण विहिरीत पोहायला शिकले असतील. पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून, काकांनी वरून दोर धरून. मग एक दिवस डबा सुटतो. त्यानंतर काही दिवस तुम्ही मोकळे पोहता, मग नदीच्या शांत डोहात उतरता. पण समजा, डबा सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी तुम्हाला म्हणालं, ‘हं, आता तापीच्या पुरात उडी मार!’ तर?

आपल्या लढाऊ वैमानिकांचं बरीच वर्षं असंच होत होतं. आधी एचपीटी-३२ दीपक हे पंख्याचं छोटं विमान. मग ताशी ७०० किलोमीटरपर्यंत जाणारं किरण हे जेट. आणि त्यानंतर ताशी दोन हजार किलोमीटरच्या पुढे जाणारं मिग-२१. मधली पायरी हवी तशी नव्हतीच! त्या पायरीला प्रगत जेट प्रशिक्षक विमान म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने असं विमान घ्या म्हणून सांगितलं होतं.

मग घेतलं का? चर्चा झाल्या, चाचण्या झाल्या, किंमतीवर घासाघीस झाली, सरकारं बदलली. ब्रिटनच्या हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये, ६६ विमानांचा. ती हवाई दलात दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये, कर्नाटकातल्या बिदरच्या तळावर. म्हणजे शिफारस झाली तेव्हा जन्मलेलं बाळ हॉक येईपर्यंत स्वतः वैमानिक होण्याच्या वयाचं झालं होतं!

या मधल्या काळातच पुण्याच्या एका घरावर आभाळ कोसळलं. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सूरतगडजवळ फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचं मिग-२१ कोसळलं आणि ते गेले. चौकशीत वैमानिकाच्या चुकीकडे बोट दाखवलं गेलं. त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि वडील अनिल गाडगीळ यांना ते मान्य नव्हतं. वडील स्वतः हवाई दलात राहिलेले. दोघांनी वर्षानुवर्षं प्रश्न विचारले. विमानांची अवस्था काय आहे? मुलांना मधल्या पायरीचं विमान कधी देणार? हवाई सुरक्षेसाठी त्यांनी स्वतःही काम उभं केलं. सैन्यावर प्रेम असणं आणि प्रश्न विचारणं या दोन गोष्टी एकत्र असू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

पहिली पायरीही डगमगली

गंमत, नव्हे दुर्दैव असं, की मधली पायरी आली आणि पहिलीच डगमगली. दीपक विमानाचं इंजिन उडता उडता बंद पडायचं. १७ मोठ्या अपघातांत १९ वैमानिक दगावले. जुलै २००९ मधल्या एका अपघातात दोन वैमानिक गेले आणि ही सगळी विमानं जमिनीवर उतरवली गेली. आता नव्या मुलांनी शिकायचं कशावर? काही वर्षं पहिले धडेसुद्धा किरण जेटवर द्यावे लागले.

शेवटी २०१२ साली स्वित्झर्लंडच्या ७५ पिलाटस विमानांचा करार झाला. त्याच वेळी एचएएल म्हणत होती, ‘असं विमान आम्हीच बनवू.’ हवाई दल म्हणत होतं, ‘आम्हाला आत्ता हवंय, कधी बनवणार?’ दोघांचंही खरं होतं. आयात केलं तर लवकर मिळतं, पण सुट्या भागांसाठी परक्याच्या दारात उभं राहावं लागतं. घरी बनवलं तर हात शिकतात, पण वेळ लागतो. एचएएलने चिकाटी सोडली नाही. ३१ मे २०१६ रोजी एचटीटी-४० विमान पहिल्यांदा उडालं आणि मार्च २०२३ मध्ये सरकारने सुमारे ६,८०० कोटी रुपयांना अशी ७० विमानं मागवली.

इतका उशीर का होतो?

तुम्ही म्हणाल, पैसे द्या आणि आणा की विमान! पण आधी हवाई दल आपली गरज कागदावर मांडतं. मग जगभरच्या कंपन्यांना विचारणा होते. विमानं भारतात आणून बंगळूरच्या दमट हवेत, जैसलमेरच्या वाळवंटात आणि लेहच्या उंचीवर उडवून पाहतात. मग किंमत, तंत्रज्ञान आणि सुटे भाग यांवर बोलणी होतात. जनतेचा पैसा असतो, म्हणून प्रत्येक कागद तपासला जातो, आणि तो तपासलाच पाहिजे.

२००७ साली भारताने १२६ विमानांसाठी विचारणा केली. सहा विमानं स्पर्धेत उतरली. २०१२ मध्ये फ्रान्सचं राफेल पुढे आलं, पण तो करार झालाच नाही. अखेर सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ राफेलचा वेगळा करार झाला आणि पहिली पाच विमानं अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० रोजी. मागितल्यापासून तेरा वर्षं! तोवर भार कोणी वाहिला? म्हाताऱ्या मिगनेच.

घाई केली तर चुकीचं विमान गळ्यात पडतं. उशीर केला तर जुन्या विमानात तरुण मुलं बसतात. या दोन्हींमधली वाट काढायची, हीच खरी परीक्षा आहे.

ओझरला नवं पर्व

२५ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा करार केला. ८३ विमानांचा करार २०२१ मध्येच झाला होता. आणि दुसऱ्याच दिवशी, २६ सप्टेंबरला, चंदीगडला मिग-२१ ने बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर निरोप घेतला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या कारखान्यातून तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. त्याच दिवशी ओझरला एचटीटी-४० च्या उत्पादनाचीही सुरुवात झाली. म्हणजे शिकायचं विमान आणि लढायचं विमान, दोन्ही एकाच आवारात! आता ती वेळेवर तयार होतात का, याकडे मोठेपणी तुम्हीही लक्ष ठेवा.

सातपुड्यातली झोळी

शिकताना धोका फक्त लढाऊ विमानातच असतो असं नाही. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या रानात एक नागरी प्रशिक्षण विमान कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले. विद्यार्थिनी गंभीर जखमी होती. रस्ता नाही, पाऊसपाण्याचे दिवस. जवळपासचे आदिवासी बांधव धावले. झोळी करायला कापड नव्हतं, तर एका आदिवासी बाईने अंगावरची साडी सोडून दिली. त्या झोळीतून जखमी मुलीला डोंगर उतरवून खाली आणलं. सुरक्षेच्या साखळीत विमान, प्रशिक्षक, मेकॅनिक असतात, तशी ही माणसंही असतात. त्या माउलीला आपण विसरायचं नाही.

तुम्हाला व्हायचंय वैमानिक?

मग हे कात्रण जपून ठेवा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. वयाच्या साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांत राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे खडकवासल्याच्या एनडीएची परीक्षा देता येते. २०२२ पासून मुलीही तिथे दाखल होतात. मुलांना तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते आणि डोळे उत्तम लागतात. म्हणून मोबाइल नाकाला लावून बसू नका!

आणखी एक. वैमानिकाचा कल तपासणारी संगणकावरची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. त्यात जमलं नाही तर पालकांनो, पोराला बोल लावू नका. विमान एकटा वैमानिक उडवत नाही. त्याचं इंजिन तपासणारा, रडार बघणारा, ओझरला एकेक रिव्हेट ठोकणारा, हे सगळे मिळून ते उडवतात. दीपकचं इंजिन का बंद पडतं, हे वेळेवर शोधून काढणारा एखादा इंजिनीयर मिळाला असता, तर कित्येक घरं वाचली असती.

आता सांगा, विमान आधी की वैमानिक? रविवारी घरात हा वाद घालून बघा. एक गट विमानाचा, एक गट वैमानिकाचा, आणि आजीला करा न्यायाधीश!