उंबरठ्याशी थांबलेला कायदा

धानाची कापणी आणि मळणी आटोपली, की गोंदिया जिल्ह्यातील अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांपुढे पुढचे महिने कसे काढावयाचे हा प्रश्न उभा राहतो. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातील जेमतेम काही आठवड्यांचा, विड्या वळण्याची मजुरी तुटपुंजी, आणि भातगिरणीत सर्वांनाच काम मिळते असे नाही. मग हावडा–मुंबई मार्गावरील या जंक्शनातून माणसे नागपूर, हैदराबादकडे निघतात. पुरुष बांधकामावर जातो तेव्हा निदान त्याच्यासोबत गावची चार माणसे असतात. परक्या घरी धुणीभांडी करण्यासाठी गेलेली स्त्री मात्र एकटी असते. तिचे काम बंद दाराआड चालते, आणि त्या दाराआड काय घडते याचा साक्षीदार कोणीच नसतो.

परदेशी घरकामाला जाणाऱ्या स्त्रिया मुख्यतः केरळ, आंध्र प्रदेश, तेलंगण आणि तामिळनाडूतील असतात. गोंदियातून आखाताकडे तसा ओघ नाही. म्हणून हा प्रश्न आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या साखळीचे शेवटचे टोक कुवेत किंवा रियाधमध्ये असते, तिचे पहिले टोक असेच एखादे गाव असते. तेथे दलाल येतो, थोडी उचल देतो, मोठ्या पगाराचे आमिष दाखवितो आणि कागद मात्र एकही देत नाही. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधील अनुसूचित जमातीच्या एका स्त्रीला याच वाटेने दिल्लीत आणि तेथून देहरादूनच्या एका घरी जावे लागले होते. तिला घरात कोंडून ठेवल्याच्या आरोपाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. घरमालकाविरुद्धचा खटला न्यायालयाने रद्द केला. पण त्याच निकालात, जानेवारी २०२५ मध्ये, घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्याकरिता समिती नेमावी, असा आदेश केंद्र सरकारला दिला. स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे उलटल्यावरही असा आदेश द्यावा लागतो, यातच आपल्या उदासीनतेचा पुरावा आहे.

ही कहाणी नवीन नाही. ब्रिटिश अमदानीत साहेबांच्या मुलांना सांभाळीत मुंबई, कलकत्त्याहून विलायतेला गेलेल्या आयांपैकी कित्येकींना तेथे पोहोचताच कामावरून दूर केले जाई. परतीच्या भाड्याची सोय नसे. अशा निराधार स्त्रियांसाठी लंडनमध्ये ‘आयाज् होम’ चालविले जात होते, आणि २०२२ मध्ये हॅकनी भागातील त्या वास्तूवर स्मृतिफलक लावण्यात आला. मालकाच्या मर्जीवर जाणे, मालकाच्या मर्जीवर राहणे आणि मर्जी फिरताच रस्त्यावर येणे, हा क्रम तेव्हाही होता. आखातातील ‘कफाला’ पद्धतीने त्याला कायद्याचे रूप दिले, एवढेच. या पद्धतीत परदेशी कामगाराचा राहण्याचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. छळाला कंटाळून जी घर सोडते, तीच ‘फरारी’ ठरते. आणि जिचे पारपत्र मालकाच्या कपाटात आहे, तिने दाद मागावी तरी कोणाकडे?

मराठी वाचकाला या प्रश्नाची ओळख झाली ती एका वेगळ्याच प्रसंगाने. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत, महाराष्ट्रकन्या देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. आपल्या मोलकरणीच्या व्हिसासाठी तासाला ९.७५ डॉलर वेतन दाखवून प्रत्यक्षात महिना ३० हजार रुपयांचा दुसरा करार केला, असा तेथील सरकारी वकिलांचा आरोप होता. खोब्रागडे यांनी तो नाकारला. मार्च २०१४ मध्ये राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर खटला रद्द झाला आणि दोन दिवसांतच नव्याने आरोपपत्र आले. त्या पूर्वीच भारतात परतल्या असल्याने आरोपांची शहानिशा न्यायालयात झालीच नाही. एका अधिकारी स्त्रीची ज्या रीतीने झडती घेतली गेली, त्याचा संताप देशाला येणे स्वाभाविक होते. दिल्लीत अमेरिकी वकिलातीसमोरील सुरक्षा अडथळेही हटविले गेले. पण त्या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. ती मोलकरीणही भारताचीच नागरिक नव्हती काय? राष्ट्राचा स्वाभिमान पदाबरोबर चढतो आणि उतरतो, असे तर आपण मानीत नाही ना?

कायदे नाहीत असे नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये, दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. घरकामासाठी जाणाऱ्या अशा स्त्रीचे वय किमान ३० असावे लागते, आणि २०१६ पासून तिची भरती केवळ मान्यताप्राप्त सरकारी संस्थांमार्फतच व्हावयाची असते. इतर कामगारांच्या बाबतीत नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरील करापेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. कागदावर याहून अधिक काय हवे?

परंतु गरज वयाचा दाखला पाहून येत नाही. पंचविशीतल्या विधवेला सरकार ‘तीस पूर्ण होईपर्यंत थांब’ म्हणते. दलाल म्हणतो, ‘उद्याच चल.’ तो तिला पर्यटक व्हिसावर नेतो किंवा कागदपत्रांत वय वाढवितो. मग ती मंजुरीच्या नोंदीत नसते, विम्यात नसते आणि वकिलातीच्या यादीतही नसते. तिच्या रक्षणासाठी घातलेली बंदीच तिला रक्षणाबाहेर ढकलते. बंदी ही सरकारला सर्वांत स्वस्तात पडणारी दया आहे, कारण तिच्यासाठी ना करार करावा लागतो, ना परदेशातील मालकाला जाब विचारावा लागतो.

जाब विचारता येतो, हे फिलिपाइन्सने दाखवून दिले. २०१८ च्या आरंभी कुवेतमध्ये एका फिलिपिनो मोलकरणीचे प्रेत शीतपेटीत सापडले, तेव्हा त्या देशाने कामगार पाठविणेच थांबविले. मे महिन्यात कुवेतला करार करावा लागला: पारपत्र मालकाने ठेवायचे नाही आणि फोन काढून घ्यायचा नाही. त्याआधी २०१५ च्या कायद्याने खुद्द कुवेतनेच दिवसाला कमाल १२ तास काम, आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला ३० दिवसांची रजा मान्य केली होती. अंमलबजावणी अपुरी आहे हे खरे; पण दाद मागण्यासाठी आधी हक्क लिहिलेला असावा लागतो.

या बाबतीत आपली बाजू दुबळी आहे, त्याचे कारण घरातच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता मात्र अद्याप दिलेली नाही. जगातील सुमारे ७ कोटी ५६ लाख घरकामगारांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया आहेत. जे हक्क आपण आपल्या स्वयंपाकघरात नाकारतो, ते कुवेतच्या शेखाने द्यावेत असे कोणत्या तोंडाने सांगणार? महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, नोंदणीची तरतूद केली. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने खाजगी घरालाही कामाचे ठिकाण मानले आणि तेथील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करण्याचा हक्क दिला. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला हे ठाऊक आहे काय, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने आणि कारकुनाने स्वतःस विचारून पाहावा.

सालेकसा किंवा देवरीच्या आदिवासी पट्ट्यातील एखादी मुलगी शाळेत येईनाशी होते, तेव्हा ती कोठे गेली हे सर्वांत आधी शिक्षकाच्या ध्यानात येते. ग्रामपंचायतीत बाहेरगावी कामाला गेलेल्यांची साधी नोंद ठेवली, नेणाऱ्याचे नाव, ठिकाण, ठरलेला पगार एवढे लिहून घेतले, तर दलालाची निम्मी ताकद तेथेच संपते. कारण तो अंधारावर जगतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने गावातील स्त्रियांना मंजुरी, विमा आणि कराराचा अर्थ समजावून सांगावा. त्याला खर्च नाही, केवळ इच्छा हवी. सरकारने वयाची बंदी सोडून करारांची वाट धरावी, १८९ क्रमांकाच्या कराराला मान्यता द्यावी आणि न्यायालयाने सुचविलेला कायदा समितीच्या दप्तरात धूळ खात पडू देऊ नये.

घर हे पवित्र मानण्याची आपली परंपरा आहे. पण त्या घरात कोणाच्या तरी घामाचे मोल बुडविले जात असेल, तर ते पावित्र्य टिकत नाही. कायद्याने उंबरठा ओलांडावा अशी अपेक्षा करणाऱ्या समाजाने आधी आपले दार उघडावयास हवे.