काळी माती, मुरूम आणि डांबर: अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलच्या टायरची निवड

अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलचा टायर कोणत्या जमिनीवर किती चालणार, यावरून निवडावा लागतो. जालना-भोकरदन रस्त्यावर पूर्णाकाठी असलेल्या केदारखेड्याच्या शिवारात एकाच फेरीत डांबर, सिमेंट, मुरमाची पाणंद आणि काळे रान असे सगळे लागते. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे; त्यामुळे दुचाकीस्वाराच्या वाट्याला हेच मिश्र रस्ते येतात.

सगळ्यांत अवघड काळी माती. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि रबराला चिकटते. टायरच्या नक्षीतले खळगे भरले की मोठ्या गट्ट्यांचा ‘बटन टायर’सुद्धा थोड्याच अंतरात गुळगुळीत होतो. पुढचे मडगार्ड चाकालगत असेल तर चिखल मध्ये ठासून चाकच जाम होते. अनेक अ‍ॅडव्हेंचर गाड्यांना ते उंचावर असते त्याचे हे एक कारण. गट्ट्यांमधली जागा जितकी मोकळी तितका चिखल फेकला जातो हे खरे, पण ते सैल, पाणचट चिखलात. काळ्या मातीत मात्र वाफसा होईपर्यंत थांबणे हाच खरा उपाय. केवळ तिच्या धास्तीने बटन टायर घेणे म्हणजे पंधरवड्याच्या अडचणीसाठी वर्षभर डांबरावर पकड गमावणे.

मुरमावर गोष्ट वेगळी. खाली कठीण थर, वर सुटी कच. सपाट नक्षीचा टायर त्या कचेवरून सरकतो, तर सुटे गट्टे तिच्यातून खाली रुततात. इथे मध्यम नक्षी पुरते, फक्त गट्ट्यांच्या कडा धारदार हव्यात. त्या गोलसर झाल्या की नक्षीची खोली शिल्लक असूनही वळणावर पकड सुटू लागते.

डांबरावर उलटा हिशेब. जमिनीला टेकणारे रबर जितके जास्त तितका ब्रेक चांगला. बटन टायरचे रबर कमी टेकते, ब्रेक लावताना उंच गट्टे वाकतात आणि मधला पट्टा लवकर झिजतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येतो आणि त्याचा पातळ, निसरडा थर बसतो. तिथे पाणी बाहेर काढणाऱ्या बारीक चिरा आणि ओल्यातही मऊ राहणारे रबर कामाला येते.

टायरबाबत ‘८०/२०’ किंवा ‘५०/५०’ असे रस्ता-बिनरस्ता प्रमाण सांगितले जाते. तो कंपन्यांचा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. केदारखेड्यासारख्या भागात बहुतेक अंतर डांबरावरच कापले जात असल्याने रस्त्याकडे झुकलेला मध्यम नक्षीचा टायर योग्य. पाणंद रोजची असेल तर जास्त खोल नक्षी पुढे घ्यावी: मागचे चाक घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले की गाडी आडवी होते.

मापात मात्र हौस नको. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ला पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७. हीरो एक्सपल्स २००ला पुढे तेच, मागे १२०/८०-१८. रुंद टायर रुबाबदार दिसतो, पण साखळीला किंवा स्विंगआर्मला घासू शकतो आणि अरुंद रिमवर त्याचा आकार बिघडतो. मापापुढचा ‘५४एस’ म्हणजे २१२ किलो भार आणि ताशी १८० किलोमीटर वेग ही मर्यादा. मागे सामान आणि माणूस बसणार असेल तर भाराचा आकडा आधी पाहावा. चार अंकी शिक्क्यात तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष असते: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. रेडियल आणि साधा टायर यांची जोडी कंपनीने मान्य केली नसेल तर लावू नये.

बाभळीचा काटा आणि कापणीनंतर उभे राहिलेले पऱ्हाटीचे खुंट ही इथल्या पंक्चरची नेहमीची कारणे. ट्यूबलेसमध्ये काटा रुतून राहिला तर हवा हळूहळू जाते. ट्यूब मात्र झपाट्याने रिकामी होते, कारण हवेला आऱ्यांच्या भोकांतून वाट मिळते. साध्या आऱ्यांच्या रिमवर ट्यूबलेस टायर बसवला तरी आत ट्यूब लागतेच. त्यामुळे अशा गाडीबरोबर सुटी ट्यूब, टायर उघडण्याच्या पट्ट्या आणि पंप ठेवावा लागतो.

हवा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, टायर थंड असताना मोजावी. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. मे महिन्याच्या दुपारी वाढलेला आकडा पाहून हवा सोडली तर सकाळी टायर कमी हवेवर धावतो. मुरमावर चार-पाच पीएसआय कमी केल्यास टायर जास्त पसरतो आणि हादरे कमी बसतात, मात्र दगडावर आदळून ट्यूब चिमटण्याचा धोकाही वाढतो. डांबरावर परतल्यावर वेग घेण्याआधी ती हवा पुन्हा भरावी.