नावं आहेत, रकमा कुठं आहेत?

पीएम-किसानच्या संकेतस्थळावर लाभार्थी यादी उघडायची आणि महाराष्ट्र, सोलापूर, पंढरपूर असं निवडत करकंबपर्यंत यायचं. ओटीपी लागत नाही, नोंदणी क्रमांक लागत नाही. गावातल्या शेतकऱ्यांची नावं समोर येतात, नावापुढं स्त्री की पुरुष एवढी नोंद असते. किती हप्ते पडले, कुणाचा थांबला आणि का थांबला, हे मात्र त्या यादीत नसतं.

2019 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 6,000 रुपये मिळतात. 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी 6,000 त्यात मिळाले. प्राप्तिकर भरणारे, बहुतेक सरकारी नोकर आणि महिन्याला दहा हजार किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे यातून वगळलेले आहेत. तरीही 2021 च्या जानेवारीत माहिती अधिकार कार्यकर्ते वेंकटेश नायक यांच्या माहिती अधिकार अर्जाला केंद्रीय कृषी मंत्रालयानं दिलेल्या उत्तरातून कळलं, की देशभरात 20 लाखांवर अपात्रांना 1,364 कोटी रुपये गेले. त्यातले निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे होते. अशांना वसुलीच्या नोटिसाही निघाल्या. गावात कोण नोकरीला आहे, कोण पेन्शनर आहे, हे शेजाऱ्याला ठाऊक असतं. यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचली असती तर यातली कितीतरी नावं पहिल्याच हप्त्याला अडली असती.

वाचनाचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. यादीत कोण नाही, हेही त्यातून कळतं. पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात. दुसऱ्याचं रान वाट्यानं करणारा त्यात नाही. नवऱ्याच्या नावच्या रानात आयुष्य घालवलेली बाईही नाही.

खाजगीपणाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. जर्मनीतल्या हेसेन राज्यातल्या शेतकऱ्यांनी तोच प्रश्न युरोपीय न्यायालयात नेला आणि 2010 मध्ये न्यायालयानं अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावं सरसकट जाहीर करण्याचे नियम रद्द ठरवले. युरोपनं नंतर मार्ग काढला : 1,250 युरोपर्यंतचं छोटं अनुदान घेणाऱ्यांची नावं झाकायची, त्यावरच्यांची उघड ठेवायची. मला हे पटतं. दोन हजारांच्या हप्त्याहून ट्रॅक्टर, ठिबक, शेततळं, कांदाचाळ यांच्या अनुदानाची यादी गावासमोर येणं अधिक गरजेचं आहे. आधार, बँक खातं, मोबाईल क्रमांक कधीच उघड होता कामा नयेत. नाव, योजना, रक्कम आणि तारीख मात्र उघड झालीच पाहिजे.

कायदा याच बाजूनं आहे. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कुणी न मागताही कार्यालयानं स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं वैयक्तिक माहितीबाबतचं कलम 8 (1)(ञ) कडक केलं. कलम 4 मधलं हे कर्तव्य मात्र तसंच आहे. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज परत आला तर कलम 8 (2) मधल्या व्यापक जनहिताकडे बोट दाखवता येतं.

करकंबकरांनी येत्या ग्रामसभेत एवढंच मागावं : गेल्या वर्षी गावात आलेल्या प्रत्येक कृषी अनुदानाची यादी, रकमेसह, वाचून दाखवा. नाही वाचली तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पंढरपूरच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात अर्ज द्या. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.