चुना, गोगलगाय आणि ७६ दिवस

काचेतून पाहिलं तर तो प्राणी देखणा आहे. बोटाच्या पेराएवढा देठ, मधाच्या रंगाचा आणि जवळजवळ आरपार दिसणारा, वर बारीक शुंडकांचा झुबका. पंपाने ढवळलेल्या पाण्यात तो संथ डुलत असतो. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, दादा-वहिनींच्या तळघरात मी त्याचं कौतुक करणार, तेवढ्यात वहिनींनी बोथट नळी लावलेली सिरिंज उचलली. "भावजी, काचेला हात लावू नका. धक्का बसला की आत ओढून घेतो स्वतःला, मग बराच वेळ बाहेर येत नाही."

त्याचं नाव आयप्टेशिया. समुद्रफुलांच्या कुळातला जीव. घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून तीत जिवंत प्रवाळ वाढवणारी माणसं न्यू जर्सीत असोत की जर्मनीत, या नावाने त्यांची झोप उडते.

वहिनी मूळच्या देवगडच्या. दिवसा एका इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासतात, रात्री टाकीपाशी बसतात. मी तिथे गेलो तो त्यांच्या एका वाक्यामुळे. फोनवर बोलताना त्या सहज म्हणाल्या होत्या की नवीन आणलेला प्रवाळाचा तुकडा, अंगठ्याएवढा, त्यांनी वेगळ्या छोट्या टाकीत ठेवलाय आणि ७६ दिवस झाल्याशिवाय मोठ्या टाकीत जाणार नाही. अंगठ्याएवढ्या तुकड्यासाठी ७६ दिवस थांबणारी बाई रोज त्यात काय बघत असेल, ते मला बघायचं होतं.

मोठी टाकी साडेचारशे लिटरची आहे. मीठ विरघळवून केलेलं समुद्राचं पाणी, लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार, तापमान २५-२६ अंश. पाणी बदलणं, काच खरवडणं, गाळणी धुणं ही कामं दादा आणि मुलगा मिळून उरकतात. किडीचं काम मात्र वहिनी दुसऱ्या कोणाला देत नाहीत.

त्यांचं पहिलं हत्यार चुना. अमेरिकेत लोणच्याच्या काकड्या करकरीत राहाव्यात म्हणून किराणा दुकानात जो कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिळतो, तोच. चुन्याची निवळी थेंबाथेंबाने टाकीत सोडायची पद्धत पीटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात रूढ केली, ती प्रवाळांना सांगाड्यासाठी कॅल्शियम मिळावं म्हणून. थेंबाथेंबाने पोसणारा हा चुना घट्ट कालवला की जाळतो. वहिनी तो पानाला लावतात तेवढा दाट कालवतात. पंप बंद करतात. पाणी थांबतं, टाकीतलं सगळं डुलणं थांबतं. मग नळीचं टोक आयप्टेशियाच्या तोंडाच्या वर, न टेकवता, आणि एक थेंब. तो घास समजून गिळतो. क्षणभराने आकसतो. वहिनी पुढच्याकडे वळतात. एका रात्री चार-पाचच, कारण जास्त चुना गेला तर पाण्याचा पीएच चढतो आणि त्याचा त्रास सगळ्यांनाच होतो.

तो थेंब गिळताना मी पाहिला. मला ते सोपं गेलं नाही. वहिनींनाही जात नाही, हे त्यांच्या गप्प बसण्यावरून कळत होतं.

सुरीने कापून का टाकत नाही, असं मी विचारलं. तीच तर गंमत आहे, त्या म्हणाल्या. आयप्टेशियाच्या तळव्याचा कण जरी दगडाला चिकटून राहिला तरी त्या कणापासून पूर्ण नवा प्राणी होतो. तो चालताना स्वतःच असे कण मागे सोडत जातो. दगडाच्या फटीत बसलेल्याला चुना पोचत नाही, पोचला तर अर्धाच पोचतो, आणि अर्धा मेलेला आयप्टेशिया महिन्याभरात पाच होऊन बसतो. टाकीतला दगड समुद्रातून काढलेला, छिद्राछिद्रांचा. अशा जिवंत दगडावरच टाकी चालवता येते हे इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली लेख लिहून जगाला सांगितलं. त्या दगडातले जिवाणू पाणी स्वच्छ ठेवतात. त्याच छिद्रांतून ही कीडही येते. दोन्ही एकाच दारातून.

दुसऱ्या दिवशी छोट्या टाकीतल्या तुकड्याची आंघोळ होती. प्लास्टिकच्या डब्यात टाकीचंच पाणी, त्यात आयोडीन, चहाच्या रंगाचं होईपर्यंत. तळघरभर तो वास पसरला, दवाखान्याचा आणि समुद्राचा मिसळलेला. न्यू जर्सीतून परत आल्यावरही कुठे मलमपट्टी चालू असली की मला तो डबा दिसतो. वहिनींनी तुकडा चिमट्याने धरून त्यावर पिचकारीने पाण्याचे फवारे मारले. डब्याच्या तळाशी तिळाएवढं काहीतरी पडलं. मला ते भिंग लावूनही नीट दिसेना, कारण तो चपटा कृमी ज्या प्रवाळावर जगतो त्याच्याच रंगाचा होतो. शाखांच्या अक्रोपोरा प्रवाळांना खाणारी ही जात. अक्रोपोराच्या फांदीवर फिकट गोल डाग दिसले तर समजायचं की तो तिथे जेवलाय.

"हा पडला म्हणून काम संपलं असं नाही," वहिनी म्हणाल्या, आणि तुकडा उलटा करून मला दाखवला. खालच्या उघड्या सांगाड्यावर तपकिरी ठिपक्यांचा छोटा थर. अंडी. आयोडीन अंड्यांना काही करत नाही. ती पात्याने खरवडावी लागतात, आणि एखादं राहिलंच असं धरून पुन्हा आंघोळ, पुन्हा खरवडणं. म्हणूनच ते ७६ दिवस.

हा आकडा आला कुठून, तेही त्यांनी सांगितलं. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठवणारा क्रिप्टोकॅरियॉन नावाचा परजीवी आहे. त्याची एक अवस्था मासा सोडून दगडावर किंवा प्रवाळाच्या तळाशी कोशात जाऊन बसते. प्रयोगात हा कोश फुटायला जास्तीत जास्त ७२ दिवस लागले. हौशी लोकांनी त्यावर चार दिवस वाढवले. मासाच नसलेल्या टाकीत ७६ दिवस काढले की कोशातून निघालेल्याला जायला जागा उरत नाही. "एवढ्या वेळात बाकीच्यांचीही अंडी फुटून जातात," त्या म्हणाल्या, "आणि आपण रोज बघत असतो." तेव्हा मला समजलं की या कामातला मोठा भाग बघण्याचा आहे. सिरिंज हातात येते ती बघणं कमी पडल्यावर.

बघितलं नाही तर काय होतं, याची एक मोठी गोष्ट इंग्लंडमधली. कॉर्नवॉलच्या न्यूकी गावातल्या ब्लू रीफ मत्स्यालयात प्रवाळ रात्रीत कुरतडले जात होते, मासे जखमी होत होते. २००९ साली तिथल्या लोकांनी टाकी रिकामी केली तेव्हा दगडातून चार फुटी समुद्री किडा निघाला. दगडाबरोबर लहान असताना आला असणार आणि आतच वाढला असणार. पण या गोष्टीमुळे त्याच्या साध्या भाऊबंदांवर अन्याय होतो. टाकीत बोटभर लांबीचे केसाळ किडे असतात. ते उरलंसुरलं, मेलेलं खातात आणि टाकी स्वच्छ ठेवतात. नवखे लोक घाबरून तेच आधी मारतात. वहिनी त्यांना हात लावत नाहीत. हातमोज्याशिवाय तर नाहीच, त्यांचे केस कातडीत रुततात.

औषधांबद्दल त्यांचं मत कडक आहे, आणि माझंही आता तसंच झालंय. अक्रोपोरावरच्या लाल किड्यांसाठी कुत्र्यांच्या हृदयातल्या जंतांची गोळी वापरतात, ती पाण्यात घातली की किडे मरतात. खेकडे आणि कोळंब्याही मरतात, कारण औषधाला सगळे कवचवाले सारखेच. ब्रायोप्सिस नावाच्या हिरव्या पिसासारख्या शेवाळावर माणसांच्या बुरशीवरची फ्लुकोनॅझोल चालते. ती बऱ्याचदा लागू पडते. पण पाण्यात साचलेलं नायट्रेट-फॉस्फेट तसंच राहिलं तर एका शेवाळाची जागा दुसरं घेतं. एकाने वहिनींना सल्ला दिला होता, दगड उकळत्या पाण्यात टाका, सगळं साफ होईल. त्यांनी तो दगड उकळला नाही, आणि वाचकांपैकी कोणी टाकी ठेवत असेल तर त्यानेही उकळू नये. झोअँथिड जातीच्या प्रवाळांत पॅलिटॉक्सिन असतं, प्राण्यांत सापडणाऱ्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. गरम केल्यावर ते वाफेबरोबर हवेत जातं. २०१८ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतले प्रवाळ साफ करताना एका कुटुंबातले सहा जण आजारी पडून इस्पितळात गेले.

आणि औषध म्हणून मासा आणणं मला सगळ्यांत वाईट वाटतं. लांब चोचीचा, तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचा कॉपरबँड फुलपाखरूमासा आयप्टेशिया खातो म्हणून लोक तो आणतात. यातले कितीतरी मासे टाकीत दुसरं काही तोंडाला लावतच नाहीत. आयप्टेशिया संपले की, किंवा खाल्लेच नाहीत तर, तो देखणा मासा आठवड्या-आठवड्याने खंगत मरतो. हे माहीत असून तो विकणाऱ्याला आणि आणणाऱ्याला माझ्यापाशी क्षमा नाही. पट्ट्यांची पेपरमिंट कोळंबी त्यापेक्षा बरी, कारण ती इतरही काही खाऊन जगते. तिच्यासारखीच दिसणारी, कुबड असलेली कोळंबी मात्र प्रवाळच खाते. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेल्या असू शकतात, म्हणून तिथेही बघावं लागतंच.

वहिनींच्या खिडकीत एक काचेची बरणी होती. रोज सकाळी त्या तिच्यात चिमूटभर खाणं टाकायच्या. दोन दिवस मला वाटलं काही औषधाची बरणी असेल. तिसऱ्या दिवशी जवळ जाऊन पाहिलं तर आत आयप्टेशिया होते. दाटीवाटीने, उन्हात डुलणारे, गुबगुबीत. ज्यांना रात्री चुना पाजायचा, त्यांना सकाळी भरवायचं?

"ते बर्गियासाठी," वहिनी म्हणाल्या.

बर्गिया म्हणजे कवच नसलेली समुद्री गोगलगाय, नखाएवढी, पाठीवर पांढुरक्या-करड्या झिपऱ्या. ती आयप्टेशिया खाते, फक्त आयप्टेशियाच खाते. त्याचे डंख मारणारे कण गिळून ती स्वतःच्या झिपऱ्यांत साठवते आणि तेच तिचं संरक्षण होतं. जिथे चुना पोचत नाही त्या फटीत ती पोचते. रात्री दिवे बंद झाल्यावर वहिनींनी ड्रॉपरने आठ-दहा गोगलगायी दगडाच्या आडोशाला सोडल्या आणि लाल टॉर्च लावून आम्ही बसलो. एक गोगलगाय शुंडकांपाशी आली, मागे हटली, पुन्हा आली, आणि देठाला तोंड लावलं. ते खाणं मंद होतं, पण चुन्यासारखं बघवेनासं नव्हतं. दोन्ही जीव आपापलं करत होते.

बर्गियांनी टाकी साफ व्हायला महिने लागतात. त्या दगडावर पांढरी गुंडाळलेली अंड्यांची फीत घालतात, पिल्लं होतात, त्यांतली बरीच टाकीतले मासे खातात. आणि शेवटचा आयप्टेशिया संपला की त्या उपाशी मरतात. वहिनींना ते सहन होत नाही. म्हणून ती बरणी. टाकी साफ होत आली की त्या रात्री बसून एकेक गोगलगाय टिपतात, बरणीत ठेवतात आणि ज्याच्या टाकीत आयप्टेशिया झालेत त्याला देऊन टाकतात. गेल्या वर्षी त्यांच्या गोगलगायी तीन घरं फिरून आल्या होत्या.

या बरणीसारख्याच, फक्त मोठ्या, आयप्टेशियाच्या टाक्या संशोधकांच्या प्रयोगशाळांतही आहेत. प्रवाळांच्या पेशींत ज्या कुळातलं शैवाल राहतं त्याच कुळातलं आयप्टेशियाच्याही पेशींत राहतं. समुद्र तापला की प्रवाळ ते शैवाल गमावतात आणि पांढरे पडतात. हे नेमकं कसं घडतं ते प्रवाळांवर अभ्यासणं कठीण, कारण ते हळू वाढतात आणि पटकन मरतात. आयप्टेशिया भराभर वाढतो आणि सहज मरत नाही. त्याचा पूर्ण जनुकसंच २०१५ साली प्रसिद्ध झाला. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातले प्रवाळ चौथ्यांदा एकाच वेळी पांढरे पडत असल्याचं अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जाहीर केलं. त्यावर जी काही समज येईल ती मिळवण्यात या प्राण्याचा वाटा आहे. मला बरणीतला आयप्टेशिया आठवतो तो यामुळेही.

टाकीत कीड येते ती घाईने, हे वहिनींकडे राहून मला पटलं. दुकानातून आणलं आणि त्याच संध्याकाळी टाकीत घातलं, की पुढची दोन वर्षं चुना कालवण्यात जातात. ७६ दिवसांना पर्याय म्हणून बाटल्या विकत मिळतात. मी त्यांच्या बाजूचा नाही.

कीड टाकीतून बाहेरही जाते. थंड पाण्यात तग धरणारं, टाकीत वाढवलेलं कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शेवाळ १९८४ साली मोनॅकोच्या मत्स्यालयाखालच्या समुद्रात सापडलं आणि भूमध्य समुद्रात दूरवर पसरलं. तेच २००० साली कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या खाजणात उगवलं. तिथे त्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडावं लागलं, आणि ते संपल्याचं २००६ साली जाहीर झालं.

आपल्याकडे प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. मालवणजवळचे असोत की विजयदुर्गासमोर खोल समुद्रातल्या आंग्रिया बँकेवरचे, ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे. तेव्हा मुंबई-पुण्यात कोणी जिवंत प्रवाळाचा तुकडा विकायला दाखवला तर घेऊ नका. आणि घरात खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी असेल तर ती मोडताना तिचं पाणी, दगड, शेवाळ खाडीत किंवा समुद्रात टाकू नका. पाण्यात ब्लीच घालून दिवसभर ठेवा आणि मग घरच्या सांडपाण्यात सोडा. दगड न उकळता उन्हात खडखडीत वाळू द्या.