मोट, इंजिन, मोटार, ठिबक

परवा मोहोळजवळ आमच्या आबांच्या विहिरीवर गेलो. जुनं थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं ते कुंड, अजून शाबूत, शेजारीच ठिबकचा फिल्टर!

मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खाली लांब सोंड. नाडा हा दोर मोटेला ओढतो, सोंदूर हा दुसरा दोर सोंडेला. बैल धावेवरून उतारानं गेले की मोट वर येते, सोंड थारोळ्यावर ओढली जाते आणि पाणी आपोआप पडतं. ओतायला वेगळा माणूस लागत नाही. केवढी अक्कल आहे यात!

१९७२च्या दुष्काळात आबांनी विहीर आणखी खोल नेली. पुढे डिझेल इंजिन, मग विजेची मोटार. आता डाळिंबाला ठिबक. रात्री वीज आली की आबा अंथरुणातूनच मोबाईलवरून मोटार चालू करतात.

तुमच्याकडे मोटेचं चाक असेल तर फोटो टाका. काही शंका असतील तर विचारा, आबांना विचारून सांगतो.