यंत्राचा झुरका, माणसाचा झुरका

बिस्किटाचा पुडा उलटा करून पाहिला तर मैदा, साखर, पामतेलापासून खाण्याच्या सोड्यापर्यंत सगळा जमाखर्च बारीक अक्षरांत छापलेला असतो. सिगारेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागा व्यापणारा, भीषण चित्रासह इशारा असतो, व्यसन सोडवण्यासाठी फोन नंबरही असतो. आत काय काय भरले आहे याचा मात्र पत्ता नसतो. असे का, हा प्रश्न वाचकांना पडतो आणि तो रास्तच आहे. गंमत अशी की निदान दोन आकड्यांपुरता हा तपशील आपल्या कायद्याने मागितलेला आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातले, म्हणजे ‘कोटपा’मधले, कलम ७ (५) सांगते की निकोटीन आणि टार यांचे प्रमाण, त्यांच्या कमाल मर्यादेसह, पाकिटावर छापलेच पाहिजे. वीस वर्षे उलटून गेली तरी हे आकडे पाकिटावर उमटलेले नाहीत.

सरकारी दिरंगाईची आणखी एक कथा म्हणून यावर कपाळाला हात लावता येईल. पण या एका बाबतीत दिरंगाईने सिगारेट ओढणाऱ्यांचे भलेच केले आहे.

टारचा आकडा मुळात मोजतात कसा? सिगारेट यंत्राला ओढायला देऊन. यंत्र मिनिटाला एकच झुरका घेते, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा. थोटूक ठरावीक लांबीचे उरले की थांबते. धुरातला चिकट ऐवज गाळणीवर अडकतो. त्याच्या वजनातून पाणी आणि निकोटीन वजा केले की उरते ते टार. या ३५ मिलिलिटरचा उगम पाहण्यासारखा आहे. १९३६ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीच्या रसायनज्ञांनी प्रयोगाच्या सोयीसाठी हे माप वापरले, आणि १९६७ च्या सुमारास अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जवळजवळ तसेच ते सरकारी पद्धत म्हणून उचलले. ज्यांचा माल तपासायचा त्यांच्याच घरचे वजनमाप!

माणूस असा ओढत नाही. त्याला हवे असते निकोटीन, आणि रक्तात ते कमी पडले की तो नकळत झुरका लांबवतो, धूर खोल घेतो, पुढचा झुरका लवकर मारतो. यंत्राला तलफ येत नाही, एवढाच काय तो फरक. पण त्या फरकावर एक अख्खा धंदा उभा राहिला. ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ सिगारेटींचा.

अशा सिगारेटच्या फिल्टरवरचा कागद सोलून उजेडासमोर धरला तर त्यावर सुईच्या टोकाहून बारीक छिद्रांची एखाददुसरी ओळ दिसते. झुरका घेताना या छिद्रांतून बाहेरची हवा आत शिरते आणि धूर पातळ होतो. यंत्राची पकड फिल्टरच्या अगदी टोकाला असते, त्यामुळे छिद्रे मोकळी राहतात आणि टारचा आकडा दिमाखात खाली येतो. माणसाची बोटे आणि ओठ मात्र नेमके त्याच जागी टेकतात. छिद्रे बुजली की सिगारेट पुन्हा पूर्वीसारखी जहाल.

टोरांटोत संशोधन करणाऱ्या लिन कोझलोव्स्की यांनी १९८० मध्ये ही चलाखी उघड केली, आणि त्यांचा पुरावा कुणालाही उकिरड्यावर सापडेल असा होता: ओढून टाकलेली थोटके. छिद्रे मोकळी असतील तर कडेने आत येणारी हवा धुराला मधोमध ढकलते आणि फिल्टरच्या टोकावर फक्त मध्यभागी तपकिरी ठिपका पडतो, कडा पांढरी राहते. छिद्रे दाबली गेली असतील तर डाग कडेपर्यंत सारखा पसरतो. थोटूक उचलायचे, टोक पाहायचे, की ओढणाऱ्याने काय केले ते कळते. कोट्यवधींच्या प्रयोगशाळेला जे दिसत नव्हते ते एका डागात दिसले! विज्ञानाच्या इतिहासात इतके स्वस्त उपकरण क्वचितच सापडेल.

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी अमेरिकी कंपन्यांनी ग्राहकांना जाणूनबुजून फसवल्याचा निवाडा दिला आणि ‘लाइट’, ‘लो टार’ या शब्दांना मनाई केली. २००८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने स्वतःच्याच पद्धतीचा आधार काढून घेतला. २०१४ च्या निर्देशाने युरोपीय संघाने टार-निकोटीनचे आकडे पाकिटांवरून हटवले, कारण लहान आकडा पाहून लोकांना ती सिगारेट कमी घातक वाटते. जगाने टाकून दिलेला हाच आकडा आपले कलम ७ (५) अजून मागते आहे.

मग घटकांची यादी तरी? तिचाही एक किस्सा आहे. १९८४ च्या कायद्याने अमेरिकी कंपन्यांना सिगारेटमध्ये मिसळल्या जाणाऱ्या द्रव्यांची यादी आरोग्य खात्याला देणे भाग पडले, पण ती गोपनीय ठेवण्याच्या अटीवर. लोकांपुढे ती आली १९९४ मध्ये: ५९९ द्रव्ये. कोको, ज्येष्ठमध, साखर, मेन्थॉल, अमोनियाची संयुगे. कंपन्यांचा आवडता युक्तिवाद असा की यातली बहुतेक द्रव्ये खाद्यपदार्थांत चालतात. चालतात, पण खाद्यपदार्थ कुणी पेटवून फुप्फुसांत घेत नाही. झुरक्याच्या क्षणी सिगारेटच्या निखाऱ्याचे तापमान ९०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचते. त्या आगीत साखरेपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते, आणि धुरात एकूण सात हजारांवर रसायने सापडतात. त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. त्यातली बरीचशी कोणत्याही कारखान्याच्या खरेदीच्या वहीत नसतात. ती ओढणाऱ्याच्या बोटांमध्येच तयार होतात.

काही तर मुळात पानातच असतात, उदाहरणार्थ किरणोत्सारी पोलोनियम. व्हिल्मा हंट हे नाव किती जणांनी ऐकले असेल? पोलोनियम म्हटले की मेरी क्युरी आठवतात, फार तर २००६ मध्ये लंडनमध्ये विषप्रयोग झालेले लिट्विनेन्को. हंट मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या, शिक्षणाने दंतवैद्य. हार्वर्डमध्ये किरणोत्साराचे मोजमाप करताना त्यांच्या लक्षात आले की सिगारेटच्या राखेत पोलोनियम उरतच नाही. राखेत नाही तर गेले कुठे? धुरात. सिगारेटच्या उष्णतेला पोलोनियमची वाफ होते. १९६४ मध्ये त्यांनी एडवर्ड रॅडफर्ड यांच्यासह हा शोध ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. तंबाखूच्या पानावरची चिकट लव हवेतले किरणोत्सारी कण धरून ठेवते, शिवाय फॉस्फेट खतांतूनही ते येतात. कंपन्यांनी यावर वर्षानुवर्षे आतल्या आत संशोधन केले आणि ते दाबून ठेवले, हे त्यांच्याच कागदपत्रांतून पुढे उघड झाले. पोलोनियम कुणी ‘मिसळत’ नाही, म्हणून मिसळलेल्या घटकांची कितीही प्रामाणिक यादी केली तरी त्यात ते येणार नाही.

तेव्हा कायदा कडक हवाच, पण त्याने योग्य गोष्ट मागायला हवी. प्रत्येक ब्रँडमध्ये काय मिसळले जाते आणि त्याच्या धुरात काय निघते, याचा सगळा हिशेब कंपन्यांनी सरकारला द्यावा. तो छिद्रे बुजवून, मोठे झुरके घेणाऱ्या यंत्रावर तपासला जावा. कॅनडाने अशी कडक पद्धत केव्हाच रूढ केली आहे. आपल्याकडे नोएडा, मुंबई आणि गुवाहाटी इथे तंबाखू तपासणीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा २०१९ मध्ये सुरू झाल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष संशोधकांना आणि पत्रकारांना खुले असावेत. आकडा पाकिटावर नको.

पाकिटावर चित्र हवे. कॅनडाने २००१ च्या सुमारास पहिल्यांदा चित्रमय इशारे आणले. भारतात ते ३१ मे २००९ पासून आले. ते ८५ टक्क्यांपर्यंत वाढवताना जे झाले त्यात महाराष्ट्राचे दोन टोकांचे धागे आहेत. नवे नियम १ एप्रिल २०१५ ला लागू व्हायचे होते. त्याआधी काही दिवस, संसदीय समितीचे अध्यक्ष आणि अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी यांनी सांगितले की तंबाखूने कर्करोग होतो असे दाखवणारा भारतीय अभ्यासच नाही. नियम वर्षभर लांबले. वस्तुस्थिती अशी की मुंबईच्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासह, तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला होता. तेव्हा अमेरिकेच्या सर्जन जनरलचा गाजलेला अहवाल यायला अजून नऊ वर्षे होती. भारतीय विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाचे काम साठ वर्षांनी संसदेच्या आवारात कुणाला आठवू नये, याला काय म्हणावे!

चित्रांचा परिणाम होतो का, अशी शंका घेणे गैर नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के, बिडी ओढणाऱ्यांपैकी ५४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांनी इशारा पाहून सोडण्याचा विचार केल्याचे सांगितले. विचार करणे म्हणजे सोडणे नव्हे, हे खरे. शिवाय तेच चित्र वर्षानुवर्षे पाहून नजर मरते, म्हणून चित्रे ठरावीक मुदतीने बदलावी लागतात.

खरी गळती वेगळीकडे आहे. टपरीवर गिऱ्हाईक पाकीट मागतच नाही. ‘एक दे’ म्हटले की टपरीवाला उघड्या पाकिटातून एक काढून हातावर ठेवतो, दोरीला टांगलेल्या लायटरने ती पेटते आणि चित्र फळीवर राहते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट-बिडी विकण्यावर बंदी घातली. ती किती पाळली जाते, हे कोणत्याही कॉलेजच्या फाटकासमोर पाच मिनिटे उभे राहिले की कळते.

यावरचा उपाय कॅनडाने शोधला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार तिथे एकेका सिगारेटवर, फिल्टरभोवतीच्या कागदावरच इशारा छापावा लागतो, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. प्रत्येक झुरक्यात विष असल्याची आठवण ओठांपासून बोटभर अंतरावर. सुटी विक्री रोजची असलेल्या भारताला या नियमाची गरज कॅनडाहून कितीतरी जास्त आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘कोटपा’त दुरुस्ती करताना कलम ७ (५) मधला टारचा आकडा काढून टाकावा आणि त्या जागी एकेका सिगारेटवर, मराठीसह भारतीय भाषांत, इशारा छापण्याची सक्ती घालावी.