‘अरट्टाई’ टाकलं, पण बोलायचं कोणाशी?

(एपिसोडमध्ये बोललो तेच इथे लिहून दिलंय. ‘म्हणजे बघा’ पंधरा-वीस वेळा होतं, तेवढं काढलं. बाकी तसंच.)

आज आधी एक काम करा. व्हॉट्सॲप उघडा आणि ग्रुप मोजा.

मी आपल्या शिरूर-दौंड पट्ट्यातला एखादा फोन डोळ्यासमोर धरतो. एक ग्रुप भावकीचा. एक दहावीच्या बॅचचा, त्यावर फक्त वाढदिवस. एक ऊसतोड कधी येणार हे चिटबॉयला विचारायचा. एक लाईटचा, थ्री फेज दिवसा की रात्री. दौंडवरून रोज पुण्याला जात असाल तर पासधारकांचा, गाडी पाटसला आली का, केडगावला का थांबवलीय. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत असाल तर शिफ्टचा. आणि शिरूरच्या बेट भागात राहत असाल तर आणखी एक, जो कोणी म्यूट करत नाही. बिबट्याचा.

हे सगळं डोक्यात ठेवा, कारण आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या तोंडी होता: अरट्टाई एवढं गाजलं, मग आपण सगळे तिकडे का नाही गेलो?

आधी झालं काय ते सांगतो. अरट्टाई हे झोहो कंपनीचं मेसेजिंग ॲप. तमिळमध्ये अरट्टै म्हणजे गप्पा, आपल्या पारावरच्या असतात तशा. झोहोचे श्रीधर वेम्बू तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात राहतात आणि तिथेच कंपनीचं ऑफिसही आहे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आपल्याकडे कोड लिहायचा म्हटलं की खराडी नाहीतर हिंजवडीच गाठावी लागते, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय.

ॲप आलं जानेवारी २०२१ मध्ये. तेव्हा व्हॉट्सॲपच्या नव्या प्रायव्हसी पॉलिसीवरून मोठा गदारोळ चालू होता, तरी अरट्टाईकडे फारसं कोणी बघितलं नाही. मग सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशीची हवा झाली, केंद्रातल्या मंत्र्यांनी नाव घेतलं, आणि वेम्बूंनी स्वतः सांगितलं की तीन दिवसांत रोजची नवी नोंदणी ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेली. शंभर पटीहून जास्त! ॲप स्टोअरवर ते आपल्या विभागात पहिलं आलं. आणि पुढच्या काही आठवड्यांत यादीत बरंच खाली घसरलं.

लगेच दोन गट पडले. एक म्हणाला, लोकांना देशाचं काही पडलेलंच नाही. दुसरा म्हणाला, ॲपच फालतू असणार. माझ्या मते दोघंही चुकले. हे जरा आकड्यात बघू.

समजा दौंड-पुणे पासधारकांच्या ग्रुपवर १२० जण आहेत. कोणीही कोणाशीही बोलू शकतं, म्हणजे किती जोड्या? १२० गुणिले ११९ भागिले २. झाल्या ७,१४०. आता त्यातले दहा उत्साही जण नव्या ॲपवर गेले. त्यांच्यात जोड्या किती? फक्त ४५. ग्रुपचा बारावा हिस्सा तिकडे गेला, पण संबंधांचा शंभरावा हिस्सासुद्धा गेला नाही. बरं, आपण धरू की निम्मे, म्हणजे ६० जण गेले. तिकडे १,७७० जोड्या, इकडे राहिलेल्या साठात १,७७०. मधल्या ३,६०० तुटल्या! म्हणजे जाणाऱ्याचंही नुकसान आणि राहणाऱ्याचंही. मग सकाळी गाडी लेट आहे हे ज्याला कळलं तो कुठल्या ॲपवर टाकणार? जिथे जास्त माणसं आहेत तिथेच. आठवड्याभरात साठातले पन्नास गपचूप परत येतात. ॲपमध्ये काही खोट नसताना.

याला नेटवर्क इफेक्ट म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर बाजार. कांदा कितीही चांगला असू दे, व्यापारी जिथे येतात त्याच बाजारात तुम्ही पिकअप नेता. आणि व्यापारी तिथेच का येतात, तर तुम्ही नेता म्हणून. शेजारी नवी शेड बांधली, रस्ता डांबरी केला, तरी पहिला कांदा कोण नेणार हा प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न ‘कू’ला विचारा. आठवतंय का, पिवळा पक्षी? अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावटका यांनी बंगळूरमधून २०२० मध्ये ट्विटरसमोर उभा केला. आधी कन्नडमध्ये, मग मराठीसह इतर भाषांत. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनावरून केंद्र सरकार आणि ट्विटर यांची जुंपली आणि मंत्र्यांची रीघ कूवर लागली. सहा कोटी डाउनलोड झाले. पण ऐन भरात रोज उघडणारे होते साधारण २१ लाख. डाउनलोड आणि रोजचा वापर यातली दरी बघितलीत? गुंतवणूक आटली, मोठ्या कंपन्यांशी चाललेली बोलणी फिसकटली आणि ३ जुलै २०२४ ला संस्थापकांनी दुकान बंद केल्याचं जाहीर केलं. मराठीत लिहिणाऱ्याला तिथे ट्विटरपेक्षा जास्त मान होता, हे मी आजही म्हणेन. पण ज्याला टोमणा मारायचाय तो माणूसच तिथे नसेल तर लिहिण्यात काय मजा!

आता म्हणाल, समोरचा इतका मोठा आहे म्हणून असं होतं. मग टिकटॉक घ्या. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲप बंद केली, त्यात ते गेलं. गावोगावची पोरं-पोरी, सुना-सासवा एका रात्रीत बेघर झाल्या. मैदान साफ रिकामं. शेअरचॅटने लगेच मोज आणलं, चिंगारी होतं, रोपोसो होतं. पण ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स चालू केलं आणि शेवटी लोक गेले कुठे, तर जिथे ओळखीची माणसं आधीच बसलेली होती तिथे.

मग जुना पहिलवान पडतच नाही का? पडतो की. ऑर्कुट २००४ मध्ये आलं, आपल्याकडे सायबर कॅफेत पोरं तासाचे पैसे मोजून स्क्रॅप टाकायची. फेसबुकने त्याला उचलून बाजूला ठेवलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. पण तेव्हा त्यावर मुख्यतः कॉलेजची मुलं होती. अख्खी गँग एका सेमिस्टरमध्ये इकडून तिकडे जाऊ शकत होती. त्यात आजी नव्हती, डेअरीवाला नव्हता, ग्रामपंचायत नव्हती.

व्हॉट्सॲपने तरी कोणाला हरवलं? एसएमएसला. दिवाळीला नि थर्टी फर्स्टला एसएमएस पॅक चालायचा नाही, साध्या शुभेच्छेला पैसे कापले जायचे. २०११ मध्ये ट्रायने दिवसाला एसएमएसची मर्यादाही घातली, आधी १००, मग २००. व्हॉट्सॲपने युजरनेम मागितलं नाही, पासवर्ड मागितला नाही. फोनमधले नंबर वाचले आणि तुमची माणसं समोर मांडली. पुढे २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये साध्या जिओफोनवरही व्हॉट्सॲप आलं. आज देशात ५० कोटींहून जास्त लोक ते वापरतात. एसएमएसपेक्षा ते नुसतं बरं नव्हतं, खिशाला दिसेल इतकं स्वस्त होतं. अरट्टाई फुकट आहे, पण व्हॉट्सॲपही फुकटच आहे.

एन्क्रिप्शनबद्दल थोडक्यात. एंड-टू-एंड म्हणजे डब्याला कुलूप, किल्ली फक्त पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे. मधल्या कंपनीलाही आत बघता येत नाही. सप्टेंबर २०२५ च्या लाटेत अरट्टाईवर कॉलला हे कुलूप होतं, लिखित मेसेजला नव्हतं. नोव्हेंबरमध्ये वैयक्तिक चॅटला ते द्यायला सुरुवात झाली. लोक दारात उभे होते तेव्हा कुलूप नव्हतं, कुलूप आलं तेव्हा लोक पांगले होते. तिकडे व्हॉट्सॲपही काही संत नाही. त्याच २०२१ च्या पॉलिसीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड ठोठावला.

आता खरी गंमत. तुम्ही सिमची कंपनी बदलली तर आईला तुमचा फोन लागायचा बंद होतो का? नाही. २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. फोनपेवरून समोरच्याच्या गुगल पेवर पैसे जातात ना? यूपीआयमुळे. मग एका ॲपवरचा मेसेज दुसऱ्या ॲपवर का जात नाही? तांत्रिक अडचण आहे, विशेषतः दोन वेगवेगळी कुलपं जुळवण्याची. पण ती न सुटणारी नाही. युरोपियन युनियनने डिजिटल मार्केट्स ॲक्ट करून व्हॉट्सॲपला इतर ॲपसाठी दार उघडायला भाग पाडलंय. वेम्बूही यूपीआयसारखी जोडणी हवी असं म्हणतात. म्हणणारच, त्यात त्यांचा फायदा आहे. पण आपलाही आहे. मग पासधारकांच्या ग्रुपमधल्या दहा जणांना कोणाचीही मनधरणी न करता जाता येईल आणि ७,१४० मधली एकही जोडी तुटणार नाही.

तोवर काय करायचं? नवं ॲप वापरून बघायचं असेल तर जरूर बघा, पण एकटे जाऊ नका. चार-पाच जणांचा छोटा गट अख्खा उचला: खोलीवरचे मित्र, नाहीतर सख्खी-चुलत भावंडं. पाच जणांत दहाच जोड्या, एका संध्याकाळी सगळ्या हलतात.

बिबट्याचा ग्रुप मात्र अर्धा इकडे अर्धा तिकडे करू नका, हे हात जोडून सांगतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत भागात तीन जीव गेले, त्यात दोन लहान मुलं होती. ‘ओढ्याकडच्या उसात दिसला’ हा मेसेज संध्याकाळी सहाला पडतो, आणि रात्री लाईट आहे म्हणून कोणीतरी पाणी द्यायला निघालेलं असतं. त्या माणसाने तो सहा वाजताच वाचायला हवा. त्यात एआयने बनवलेले बिबट्याचे खोटे फोटो फिरतात, म्हणून ग्रुपमध्ये कोणीतरी एक जण, शक्यतो पोलीस पाटील किंवा वनखात्याशी बोलणं असलेला, खात्री करून ‘खरं आहे’ असं लिहिणारा हवा. हे कुठल्याच ॲपमध्ये आयतं येत नाही.

आणि त्या वस्तीवर दोन-तीन घरांत अजून बटणाचाच फोन असतो. त्यांना मेसेज नाही, फोनच करावा लागतो. तो कोण करणार, हे आज रात्रीच ठरवून टाका.